तळाचा थर नारळाचा

आपा, तुमच्या चाळीसाव्या दिवसाच्या फातेहाला तहवाला मी केला. चिकटला नाही, करपला नाही, पण थर एकसारखे आले नाहीत. एक सावळा, एक गोरा, पुन्हा एक सावळा. तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणाला असता, "क्या गे फिल्लो, झेब्रा पकाई क्या?"

 हैदराबादहून फुप्पी येणार होत्या. चाचांची बहीण, तुमची नणंद. त्यांनी फोनवर तुमच्या लेकीला, निलोफरला बजावलं होतं, "भाभीच्या फातेहाला तहवाला पाहिजे. अम्मीच्या हातचा होता तसाच. जमत नसेल तर करू नका, पण बाजारचा केक आणून ठेवू नका." करणारी मी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणजे कोण? वरच्या खोलीतली भाडेकरीण. वेंगुर्ल्याची फिलोमिना, ख्रिस्ती, सातवीनंतर शाळा सोडलेली. मला सारखं वाटायचं, हा बिघडला तर या घरातला तहवाला संपला, आणि तो माझ्या हातानं संपला.

हे निलोफर वाचेल, तिच्यानंतर आणखी कुणी वाचेल, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही लिहिते. तह म्हणजे थर. आटवलेलं दूध, अंडी, मैदा, साखर, जायफळ. सगळं पातळ फेटून जाड बुडाच्या पितळी पातेल्यात पळीभर ओतायचं. वर लोखंडी तवा, तव्यावर निखारे. वरून शेकून थर तांबूस झाला की तवा उचलायचा, चमचाभर तूप सोडायचं आणि दुसरी पळी ओतायची. असं पातेलं भरत आणायचं. न्याहारी उरकून बसलं की जेवायची वेळ टळून जाते. थर किती झाले ते तुम्ही कधी मोजू दिलं नाहीत. "मोजलं की नजर लागती."

वेळही घड्याळावर बघायची नाही. चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, घरात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. तुम्ही एकाकडंही बघायच्या नाहीत. तोंडातल्या तोंडात दरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, म्हणायच्या आणि तो ठरल्याइतका झाला की तवा उचलायच्या. पहिल्यांदा मी लोटलेलं दार न विचारताच ढकललं आणि हे बघून स्वयंपाकघराच्या दारातच थिजले. माझी मांय ख्रिसमसला बेबिंक करायची ती अशीच. थरावर थर, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. आणि वेळ धरायची ती 'नमान मोरिये', मरियेची प्रार्थना, म्हणून.

मी ओरडलेच, "आपा, ही तर आमची बेबिंक!"

तुम्ही तवा हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलंत. "तुमची? अन् मग नारळ कुठाय यात? आमच्या सासूच्या सासूपासून चालू हाय हे. उलटं तुमच्याच लोकांनी नेलं असंल इथून."

"वेंगुर्ल्याला? इथून?"

"का? पाय नव्हते का लोकांना?"

तिथून आपलं जे भांडण लागलं ते संपलंच नाही. धुणं वाळत घालताना, बोरं निवडताना, तुमच्या गुडघ्याला तेल चोळताना, कधीही. मी म्हणायचे, बेबिंक ताटात पालथी घालतात. तुम्ही म्हणायच्या, पालथी घातली तर घरची बरकत सांडते, पातेल्यातूनच वाढायचं. मी म्हणायचे, नारळाच्या दुधाशिवाय तिला बेबिंक म्हणतच नाहीत. तुम्ही नाक मुरडायच्या. "नारळाचं दूध! त्यापेक्षा डोक्याला लावायचं तेल पी ना." चाचा चष्म्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेले असायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मेरेकू इतनाच मालूम, मीठा अच्छा लगता."

तुम्हाला खरं सांगू? मला ते भांडण पाहिजे होतं. लग्न होऊन इथल्या छावणी भागात आले तेव्हा मला इथलं काहीच ओळखीचं नव्हतं. समुद्र नाही, माड नाहीत, भाताची पेज नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. आमचे हे वाळूजला कंपनीत, शिफ्ट बदलती. यायला जरा उशीर झाला की मी जिन्यात येऊन बसायचे आणि नाही नाही ते मनात आणायचे. खालून तुमचा आवाज यायचा, "फिल्लो, तू खाली येती का मी वर येऊ? माझे गुडघे बघून बोल." मग मी खाली यायचे. त्या सगळ्या परक्यात एक वस्तू मला ओळखीची दिसली होती आणि तुम्ही म्हणत होता, ती माझी नाही. मग भांडू नको तर काय करू?

तुम्ही मला शिकवायला कसं काय तयार झालात, याचं मला अजून नवल वाटतं. या घरचा नियम मला निलोफरनं सांगितला होता. तुमच्या सासूनं, बडी अम्मींनी घातलेला. तहवाला सुनेला शिकवायचा, लेकीला नाही. लेक परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर घरची वस्तू बाहेर जाईल. म्हणून तहवाल्याच्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. फुप्पी लहानपणी त्या दाराबाहेर बसल्या आणि त्यांच्यानंतर निलोफरही बाहेरच बसली. तुम्हाला मुलगा नाही, म्हणजे सून नाही. मग पुढं काय, हे कुणी तुम्हाला विचारायला धजत नव्हतं.

एका ईदला तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लोटलंत. मी म्हटलं, "आपा, मी कशी चालेन?"

"तू सून बी नाय, लेक बी नाय. तुझ्यासाठी नियमच नाय. बस तिथं, निखारे फुंक."

पहिल्याच दिवशी माझ्या हातून तवा खाली टेकला आणि थर त्याला चिकटला. मी उलथनं घेऊन खरवडायला धावले. तुम्ही माझं मनगट धरलंत. "चूप. हात नको लावू. तूप टाक अन् थांब." कडेनं तूप सोडलं.  जरा वेळानं तव्याचा थर आपणहून सुटला. पुढं तुम्ही हेच वाक्य मला कशालाही म्हणायला लागलात. ह्यांचा फोन लागत नाही, "तूप टाक अन् थांब." बाळाला ताप, "तूप टाक अन् थांब." तिथं तूप कुठलं टाकणार, पण थांबायला मी तुमच्याकडंच शिकले. अजून पुरतं येत नाही.

आठवतं, एकदा आपण निकाल लावायचाच म्हणून निघालो होतो? दौलताबादला, बडी अम्मींच्या धाकट्या जावेकडं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर, पुढं पेरूची बाग. त्या खाटेवर बसून पेरूला मीठ लावून खात होत्या, तेही दात नसताना. तुम्ही रिक्षातून उतरायच्या आधीच सुरू झालात, "खाला, या पोरीला सांगा, तहवाला कुणाचा?"

खालांनी पेरू खाली ठेवला. "आपला कुठला? छावणीतल्या किरिस्तावांच्या घरातून आणला तुझ्या सासूनं. कपडे शिवायला जायची ना त्यांच्याकडं."

मी तिथंच टाळी वाजवली. तुम्ही परतीच्या रस्ताभर माझ्याशी बोलला नाहीत. रिक्षावाल्याशी मात्र तुम्ही खूप बोललात, म्हातारपणी माणसाची अक्कल कशी जाते यावर.

पण मला पुरतं जिंकायचं होतं. म्हणून रविवारी मिस्सा झाल्यावर मी चर्चमधल्या रोझीबाईंना गाठलं. त्यांचं घराणं छावणीत कित्येक पिढ्यांचं. त्या म्हणाल्या, "तो निखाऱ्यावरचा केक ना? माझी सासू करायची. पण आमचा नाही गं तो. एक मुसलमान बाई शिवणाला यायची घरी, तिनं शिकवला सासूला."

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की पदर तोंडात धरावा लागला. "म्हणजे त्यांनी आमचा घेतला अन् आम्ही त्यांचा. मग केला कुणी पहिल्यांदा? सुईदोऱ्यानं?"

मी म्हटलं, त्याआधी तो समुद्राकडूनच आलेला असणार. तुम्ही म्हणालात, "नारळ दाखव, मग बोल."

आणि मग ती ईद आली. तिच्याबद्दल आपण एकमेकींशी कधीच बोललो नाही.

माझी मांय गेली तेव्हा माझं बाळंतपण नुकतंच झालं होतं. वेंगुर्ल्याचा प्रवास बाळाला झेपणार नाही म्हणून सगळ्यांनी मला थांबवलं. हे एकटे जाऊन आले. मी वर खोलीत बाळाला घेऊन बसून राहिले. मांयचं तोंड बघितलं नाही, मूठभर माती टाकली नाही. तुम्ही दिवसातून चार वेळा जिना चढायच्या. ते गुडघे घेऊन. समजूत घातली नाहीत, 'रडू नको' म्हणाला नाहीत. बाळाला मांडीवर घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, आंघोळ कर." बस.

थोड्याच दिवसांनी ईद. त्या वेळी तुम्ही मला आत बोलावलं नाहीत, बाळंतीण म्हणून. दुपारी तहवाल्याचा तुकडा घेऊन स्वतः वर आलात. मी नेहमीसारखी वरून एकेक थर बोटानं सोडवत खात गेले. शेवटचा, तळाचा थर तोंडात टाकला आणि थांबले. नारळ. नारळाचं दूध, जायफळ, जरासं मीठ. माझ्या मांयच्या हातचं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बाळाची लंगोटी बघत होता. "ओली हाय गं," म्हणालात.

नंतर निलोफरकडून कळलं, नारळ तुम्ही कुणाला आणायला सांगितला नव्हता. शहागंजच्या बाजारापर्यंत स्वतः चालत गेला होता.

त्यानंतर दर ईदला तळाचा थर नारळाचा. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही काही विचारलं नाही. आणि भांडण तसंच चालू राहिलं. तुम्ही तोंडानं "नारळ कुठाय यात?" म्हणायच्या आणि हातानं तळाशी नारळ घालायच्या. मला वाटायचं, या जगात एक थर असा आहे जो फक्त माझ्यासाठी केलेला आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

म्हणून चाळीसाव्याला मी तळाला नारळाचाच थर दिला. घाबरत दिला, पण दिला. तुमच्या फातेहाला तुमच्या हातचं ठेवायचं, तर तो वगळून कसं चालेल?

निलोफर त्या सकाळी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "फिल्लो दीदी, मी आत येऊ?" स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात विचारत होती! मी तिला हाताला धरून आत घेतलं. तुमचा नियम तिथं मोडला, त्याचं काय ते माझ्या नावावर मांडा. चाचांनी अंगणात निखारे पेटवून दिले. पण खरी पंचाईत पुढंच होती. दरूद किती वेळा म्हणायचा ते तुमच्या ओठांनाच माहीत होतं, आणि तुम्ही ते बरोबर घेऊन गेलात. मग एका थराला निलोफर दरूद म्हणायची, दुसऱ्याला मी 'नमान मोरिये'. तिचा लांबायचा, कारण मध्येच तिला रडू यायचं. माझं लवकर संपायचं, कारण मला धीर नाही. तिचे थर सावळे झाले, माझे गोरे राहिले. तुमच्या झेब्र्याची गोष्ट ही अशी.

दुपारी फातेहा झाली, माणसं जेवून गेली. मग फुप्पींनी पातेलं जवळ ओढलं. उंच, शिडशिडीत बाई, डोळ्यांत सुरमा, तुमच्यासारखं हसणं नाही. एक तुकडा कापला. "थर एकसारखे नाहीत," म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग त्या बोटानं एकेक थर सोडवून खायला लागल्या. माझ्यासारख्याच, वरून खाली. तळाशी पोचल्या आणि त्यांचा हात थांबला.

"ये नारियल कौन डाला?"

 निलोफरनं माझ्याकडं बघितलं. मी ठरवलं, खोटं नको बोलायला, तुमच्या फातेहाच्या दिवशी नको. म्हटलं, "मी घातला, फुप्पी. तहवाला मीच केला. बडी अम्मींच्या वेळी नारळ नव्हता, मला माहीत आहे. आपा गेली काही वर्षं घालायच्या. माझी आई गेली होती म्हणून. माझ्यासाठी."

"चूप." अगदी तुमच्यासारखं म्हणाल्या. "मला सांगती का अम्मीच्या तहवाल्यात काय होतं? अम्मी दार लावून घ्यायची. मी बाहेर बसायची, दाराच्या फटीला नाक लावून. पहिला वास नारळाचा यायचा, मग दुधाचा. वासावरून मला कळायचं, आत्ता सुरू झालंय. लग्न होऊन गेले ती गेलेच. भाभीनं इथं काय केलं, काय बंद केलं, मला काय माहीत? मी ईदला कधी आले नाही. पण ही चव..." त्या उरलेला थर तोंडात ठेवून डोळे मिटून बसल्या. सुरमा गालावर आला.

सगळे म्हणाले, बघ, फुप्पी खूश झाल्या. मी वर येऊन जिन्यात बसले. मला खूश व्हायला पाहिजे होतं. पण आपा, माझ्या हातातून कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. तो थर माझ्यासाठी नव्हताच का? बडी अम्मींची जुनी पद्धत तुम्ही परत सुरू केलीत, एवढंच का? का फुप्पींचीच आठवण चुकते आहे? चाचांना विचारायला खाली गेले. ते तुमच्याच मनगटातलं घड्याळ उघडून बसले होते. "चाचा, बडी अम्मी नारळ घालायच्या का?" त्यांनी भिंग काढलं, खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "मीठा अच्छा लगता था, बेटा."

मग जिन्यात पुन्हा बसल्यावर माझ्या मनात दुसरंच आलं. समजा, फुप्पी खरं बोलतात. समजा, बडी अम्मींनी तुम्हाला नारळासकट शिकवलं, आणि तुम्हाला नारळाचा तिटकारा, म्हणून तुम्ही तो काढून टाकलात. मग मी आले आणि म्हणाले, ही आमची बेबिंक. तेव्हा तुम्हाला चांगलं माहीत होतं की इथंही नारळ होता हे कबूल केलं तर मी जिंकले. म्हणून इतकी वर्षं "नारळ कुठाय यात?" म्हणत राहिलात, लबाड! आणि माझी मांय गेली तेव्हा जिंकलेलं भांडण गुपचूप सोडून दिलंत. एका थरात. तेही तळाच्या, म्हणजे वरून बघणाऱ्याला दिसू नये.

असं असेल का? की मी आपली मनाची समजूत घालते आहे? खरं काय ते सांगणारं आता कुणी राहिलं नाही. तहवाला दौलताबादचा, छावणीचा, की वेंगुर्ल्याचा, हे कळलं नाही तरी मला चालेल. पण त्या ईदला तुमच्या मनात काय होतं, हे मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. नुसतं एवढंच म्हणायला पाहिजे होतं, "आपा, मला कळलं." बाळाची लंगोटी ओली होती म्हणून राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी फुप्पींची निघायची तयारी चालली होती. मी खाली भांडी जागेवर लावत होते. त्या उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, जिथं आदल्या दिवशी निलोफर उभी होती. एवढी वयस्कर बाई, पण पाऊल आत टाकेना.

"मला दाखवशील?"

"या ना आत, फुप्पी."

"मी या घरची सून नाय."

"मीही नाही," मी म्हटलं.

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. आत आल्या, चटईवर बसल्या आणि मी काही सांगायच्या आधीच निखारे फुंकायला लागल्या. त्यांनी गाडीचं तिकीट बदलून घेतलं. आम्ही फक्त निम्मं पातेलं केलं. दार उघडंच ठेवलं होतं. माझं बाळ, आता चांगलं पळतं, ते आत-बाहेर करत होतं, निलोफर नारळ खवत होती, आणि फुप्पी तळाचा थर ओतताना म्हणाल्या, "अम्मी पळी अशी फिरवत असणार. आवाज असा गोल यायचा." तशीच फिरवली त्यांनी. 

परवा त्यांचा हैदराबादहून फोन आला. आवाजात नुसती घाई. "फिल्लो, अगं थर तव्याला चिकटला! सून हसतीय माझ्यावर. खरवडू का? सुरी आणू का? सांग लवकर!"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "चूप. हात नका लावू. तूप टाका अन् थांबा."

पलीकडून मग तुपाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर फुप्पींचा, तोंडातल्या तोंडात, दरूद. त्या फोन ठेवायला विसरल्या होत्या. मीही ठेवला नाही. जिन्यात बसून मी तसाच कानाला लावून धरला, थर सुटेपर्यंत.